दरी डाव्या हाताला: माथेरानच्या रानातली एका दिवसाची गोल फेरी

जंगलातली गोल फेरी म्हणजे गेलेल्या वाटेनं परत न येता निघालात तिथंच पोचणं. एकच वाट दोनदा बघावी लागत नाही, शेवटपर्यंत काहीतरी नवं दिसत राहतं, आणि घरच्या मंडळींना, मुलांना, ट्रेकची सवय नसलेल्यांना हा प्रकार आवडतो. आखणीत मात्र तो साध्या जाण्या-येण्याच्या वाटेपेक्षा अवघड आहे. जाऊन-येऊन वाटेत कुणी दमलं तर जिथं आहात तिथून मागं वळता येतं. गोल वाटेवर निम्मं अंतर ओलांडलं की मागं फिरणं हे पुढं जाण्यापेक्षा लांबचं पडतं. म्हणून गोल फेरीतले महत्त्वाचे निर्णय घरी बसून, नकाशा समोर ठेवून घ्यायचे असतात: कोणत्या दिशेनं फिरायचं, मधेच कुठून बाहेर पडता येईल, आणि किती वाजता कुठं असलं पाहिजे.

हे शिकायला माथेरानसारखी दुसरी जागा नाही. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंचीचं पठार, वर जांभ्या दगडाचा थर, त्यावर दाट निमसदाहरित रान. नावच माथ्यावरचं रान. गाड्यांना दस्तुरी नाक्याच्या पुढे बंदी असल्यामुळे पायवाटा अजून पायवाटाच राहिल्या आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कड्याच्या कडेनं जाणाऱ्या वाटांना ठिकठिकाणी आतल्या बाजूनं, बाजारपेठेकडे नेणारे फाटे आहेत. चूक झाली तर सावरायला जागा मिळते.

किलोमीटर बघून वाट सोपी की अवघड हे ठरवू नका. इथून फार लांब नसलेल्या खांडसहून भीमाशंकरलाही गोल फेरी करता येते: शिडी घाटानं वर, गणेश घाटानं खाली. पण शिडी घाटात लोखंडी शिड्या आहेत, उघडे कातळटप्पे आहेत, आणि पावसात ती वाट जिवावर बेतू शकते. तिला सोपी म्हणता येणार नाही. त्या फेरीतून एक नियम मात्र उचलण्यासारखा आहे: गोल वाटेतला खडा भाग नेहमी चढताना घ्यावा आणि सौम्य भाग उतरताना. चढताना पाय चुकला तर माणूस पुढे हातावर पडतो, उतरताना चुकला तर घसरत जातो. शिवाय दमलेल्या पायांना आणि गुडघ्यांना उतारच जास्त त्रास देतो.

वाट

सोप्या फेरीसाठी पठाराची पश्चिम बाजू धरा. बाजारपेठेतून शार्लोट तलाव, तिथून इको पॉइंट, पुढे कड्याच्या कडेनं उत्तरेकडे जात लुईझा पॉइंट, आणि तिथून पूर्वेला वळून परत बाजारपेठ. ही फेरी साधारण सहा किलोमीटरची. दस्तुरीहून बाजारपेठेपर्यंत अडीच ते तीन किलोमीटर, तेवढंच परतताना. सगळं पायी केलं तर बारा किलोमीटरच्या आसपास. कुणाला तेवढं झेपणार नसेल तर दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकावरून माथेरान स्थानकापर्यंत शटल गाडी असते. ती घेतली की निम्मं चालणं वाचतं आणि रानातली फेरी तशीच राहते. ई-रिक्षाही आहेत, पण सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासाठी रांग लागते. त्यांच्या भरवशावर वेळापत्रक बांधू नका.

दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ठेवा, देवळाला प्रदक्षिणा घालतो तशी. प्रदक्षिणेत गाभारा उजव्या हाताला राहतो. इथं गाव उजव्या हाताला राहतं आणि दरी डाव्या हाताला. या एका खुणेवर अर्धी फेरी निभावते. माथेरानात चकवा लागतो तो सगळ्या वाटा एकसारख्या दिसतात म्हणून: तीच लाल माती, तीच दुतर्फा झाडी, तेच बंगल्यांचे जुने दगडी खांब. रान इतकं दाट की वीस पावलांपलीकडचं दिसत नाही आणि सूर्याचा अंदाजही धड लागत नाही. अशा वेळी दरी कुठल्या हाताला आहे एवढं विचारा. तलाव सोडल्यानंतर ती उजवीकडे आली असेल तर तुम्ही उलटे वळला आहात. दरी दिसतच नसेल, वाट रुंद होत चालली असेल आणि मातीत घोड्यांच्या टापा दाट होत असतील, तर तुम्ही आत, गावाकडे निघाला आहात. त्यात धोका काही नाही, फक्त फेरी लहान होते.

या खुणेला एक अपवाद आहे. लुईझा पॉइंट मुख्य पठारापासून बाहेर आलेल्या सोंडेच्या टोकाशी आहे. त्या सोंडेवर दोन्ही अंगांना उतार येतो, तिथं डावं-उजवं धरून चालणार नाही. सोंडेवर शिरताना जो फाटा लागतो त्याचा फोटो काढून ठेवा, टोकाला जा, आणि त्याच फाट्यापर्यंत परत या. म्हणजे फेरी पूर्ण गोल नाही, तिला एक शेपूट आहे. वेळ कमी पडला तर पहिल्यांदा हे शेपूटच कापायचं.

दस्तुरी ते बाजारपेठ हा तुकडा बरेच जण रुळांवरून चालतात, कारण रूळ सावलीतून जातात आणि वाट चुकत नाही. गाडी हळू असली तरी ती असते, आणि जिथं रूळ दरडीला चिकटून जातात तिथं बाजूला व्हायला पुरेशी जागा नसते. मातीचा रस्ता बाजूनंच जातो, तो धरा. मुलं बरोबर असतील तर रुळांवर त्यांना मोकळं सोडूच नका.

नकाशा घरीच तयार करा

फोनमध्ये ऑफलाइन चालणारा, उंचीच्या समोच्च रेषा दाखवणारा नकाशा आदल्या रात्री उतरवून घ्या. त्यावर चार ठिकाणी खूण करा: बाजारपेठ, तलावाचा बांध, इको पॉइंट, लुईझा पॉइंट. मग प्रत्येक दोन खुणांच्या मधे गावाकडे जाणारा एक तरी आतला फाटा शोधा आणि तोही नोंदवा. हे फाटे म्हणजे तुमचा विमा. कुणाच्या पायात गोळा आला, ढग उतरले, मूल रडायला लागलं, की यातला जवळचा फाटा धरायचा.

हाच नकाशा कागदावर हातानं काढा. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार खुणा, मधले फाटे आणि प्रत्येक ठिकाणी पोचायची वेळ, इतकं पुरे. फोनची बॅटरी संपते, पडद्यावर घाम लागतो, आणि दाट झाडीत फोनवरचा ठिपका दहा-वीस मीटर इकडेतिकडे उडत असतो. वाट कड्याच्या कडेनं जात असताना दहा मीटरची चूक लहान नसते. म्हणून ठिपक्यावर नाही, पायाखालच्या वाटेवर विश्वास ठेवा. दरीच्या खोबणींमधे नेटवर्कही जातं, आणि नेटवर्क शोधत बसलेला फोन लवकर रिकामा होतो. चालताना तो विमान मोडवर टाका. त्यावरही ठिपका दिसत राहतो.

फाट्याफाट्यांवर पॉइंटांच्या पाट्या आहेत. पाटी बघून वळा, पण वळण्याआधी कागदाशी पडताळा.

वेळेचं गणित

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक ठोकताळा मांडला, तो अजून वापरला जातो: दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. म्हणजे सपाटीला ताशी पाच किलोमीटरच्या आसपास. पण तो दणकट, न थांबता चालणाऱ्या माणसासाठी आहे. मुलं, आजी-आजोबा आणि फोटो काढणारी मंडळी असलेल्या गटासाठी ताशी अडीच किलोमीटर धरा, चढाला दर शंभर मीटरमागं दहा मिनिटं जास्त धरा आणि थांबे वेगळे मोजा. थांबे न मोजणं ही आखणीतली सगळ्यात मोठी चूक असते. चार ठिकाणी वीस-वीस मिनिटं म्हटली तरी एक तास वीस मिनिटं होतात.

हिवाळ्यातल्या दिवसाचं वेळापत्रक असं बसतं. नेरळ स्थानकावर साडेसात. तिथून सामायिक टॅक्सीनं घाट चढून दस्तुरी सव्वाआठच्या सुमारास. सुट्टीच्या दिवशी टॅक्सीची रांगही यात धरा. नाक्यावर माणशी प्रवेश कर द्यावा लागतो, सुटे पैसे हाताशी ठेवा. चालत बाजारपेठ सव्वानऊ. अर्ध्या तासात नाश्ता, पाणी भरणं, स्वच्छतागृह. पावणेदहाला फेरी सुरू. तलाव साडेदहा, इको पॉइंट अकरा-सव्वाअकरा, लुईझा साडेबारापर्यंत, आणि दीड वाजता पुन्हा बाजारपेठेत जेवायला. तीन वाजता निघालात तर चारला दस्तुरी. डिसेंबरात या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि रानात त्याच्या अर्धा तास आधीपासून अंधारायला लागतं. म्हणजे तुमच्या हाती दीड तास शिल्लक राहतो. ही शिल्लक आणखी पॉइंट बघण्यासाठी नाही, काही चुकलं तर वापरण्यासाठी आहे.

दोन वेळा कागदावर लाल पेनानं लिहा. बारा वाजेपर्यंत इको पॉइंट सोडला नसेल तर लुईझाचं शेपूट कापायचं. आणि दीड वाजता अजून कड्यावरच असाल तर पुढचा पहिला आतला फाटा धरून गावात यायचं. हे तिथं चर्चा करून ठरवायला गेलात तर गटात कुणीतरी नक्की म्हणेल, ‘आता इतकं आलोच आहोत तर…’ म्हणून ते आधी ठरवा आणि सगळ्यांना सांगून ठेवा.

माथेरानात तीसच्या वर पॉइंट आहेत आणि ‘सगळे पॉइंट एका दिवसात’ हा हट्ट फेरीचा घात करतो. पॅनोरमा पॉइंट उत्तरेच्या टोकाला, वन ट्री हिल दक्षिणेच्या टोकाला. ही दोन टोकं जोडायला गेलात तर सोपी फेरी सोपी राहत नाही. त्यांच्यासाठी दुसरा दिवस, दुसरी वाट.

मुंबईहून येणाऱ्यांना कर्जतकडे जाणारी लोकल थेट नेरळला सोडते. पुण्याहून येताना कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल धरायची. नेरळहून वर येणारी छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली, तिचा एकवीस किलोमीटरचा प्रवास सुंदर आहे, पण तो दोन तासांहून जास्त वेळ घेतो. एका दिवसाच्या फेरीत तो दोन्ही वेळा बसत नाही. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच असतो, वरची शटल तेवढी चालते आणि तीही अतिवृष्टीत थांबते.

कोणत्या महिन्यात

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे पहिलं उत्तर. हवा कोरडी, वाट कोरडी, प्रबळगडाचा माथा पश्चिमेला स्वच्छ दिसतो. मार्चपासून उकाडा वाढतो, वाटेवरची लाल धूळ घोट्यापर्यंत चढते, पण एक मोठं बक्षीस असतं: याच सुमारास अंजनी फुलते. फांद्यांच्या अंगालाच निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ चिकटलेले दिसतात. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही या रानातली मुख्य झाडं, आणि त्यांच्यामुळेच भर मे महिन्यातही वाटेवर सावली टिकते. मे महिन्यात जायचं असेल तर सकाळी आठच्या आत चालायला लागा आणि अकरापर्यंत फेरी संपवा.

जून ते सप्टेंबर वेगळं प्रकरण आहे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस इथं पडतो. पॉइंटवर जाऊन दिसतं ते पांढरं धुकं, आणि त्याच धुक्यात कड्याची कड कुठं संपते तेही दिसत नाही. जांभ्यावर शेवाळ धरतं, लाल माती साबणासारखी होते. पावसात जायचंच असेल तर कड्याच्या कडेची वाट सोडा. बाजारपेठ ते तलाव हा रुंद रस्ता धरा, पिसरनाथाच्या देवळाशी थांबा, आणि त्याच वाटेनं परत या. पावसातलं रान तेवढ्यातही भरपूर देतं. शीळकरी कस्तुर हा पक्षी माणसासारखी शीळ घालतो ती याच दिवसांत ऐकू येते. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी घाटातच जाऊ नका, दरडी कोसळतात.

ऑक्टोबरात जायचं तर पाऊस थांबून आठवडा होऊ द्या. पाऊस थांबला तरी शेवाळ लगेच मरत नाही.

काय न्यायचं

पाणी माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. तलावाचं पाणी प्यायचं नाही. ते गावाच्या पाणीपुरवठ्याचं आहे, त्यात पाय बुडवणं, पोहणं, भांडी विसळणं यातलं काहीही करू नका. बांधाजवळ पाणी खोल आहे आणि तिथं माणसं बुडालेली आहेत. बाटली बाजारपेठेत भरून घ्या, पुढे कड्यावर दुकान असेलच असं नाही. नुसतं पाणी पीत राहून घाम गाळला तर डोकं जड होतं, पायात गोळे येतात. जलसंजीवनीची एक पुडी एक लिटर पाण्यात, अर्ध्या बाटलीत नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

खाणं असं न्या की जे उभ्यानं, हात न माखता खाता येईल: गूळ-पोळीची गुंडाळी, दशमी, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, काकडी. तासाला एकदा थोडं खा. भूक लागेपर्यंत थांबलात तर मुलं आधी चिडतात आणि मग बसतात.

बुटांबद्दल थोडं सविस्तर, कारण या वाटेवर घसरणं हीच खरी दुखापत आहे. जांभ्याच्या वाटेवर बारीक, गोलसर खडे सुटे पडलेले असतात. सपाटीवर ते जाणवत नाहीत, उतारावर गोट्यांसारखे पायाखालून सरकतात. गुळगुळीत तळाचे कॅनव्हासचे बूट, सँडल, झिजलेले धावायचे बूट इथं कामाचे नाहीत. तळाला खोल खाचा हव्यात. बूट नवे असतील तर आधी आठवडाभर घरात, बाजारात वापरा, नाहीतर दुसऱ्याच तासाला टाचेला फोड येतो. आदल्या दिवशी पायाची नखं कापा, वाढलेली नखं उतारावर बुटाच्या पुढच्या भागाला आपटून काळी पडतात. मोजे जाड, आणि एक कोरडा जोड पिशवीत. उतरताना पावलं लहान, गुडघे जरा वाकलेले, आणि वजन पूर्ण पायावर. टाच रोवून मागं झुकलात की खडे सरकलेच. साठीच्या पुढच्या मंडळींना एक काठी द्या, कमरेइतक्या उंचीची.

बाकी पिशवीत: डोक्याला लावायचा विजेरी दिवा (फोनचा नको, फोन जपायचा आहे), शिट्टी, टोपी, पातळ विंडचीटर, चिकटपट्टी आणि रुंद बँडेज, नेहमीची औषधं, पॉवर बँक, आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. चिक्कीचा कागद आणि मोसंबीची सालंसुद्धा खाली आणायची. सालं कुजतात हे खरं, पण त्याआधी ती माकडं खातात, आणि मग पुढच्या माणसाच्या पिशवीवर झडप घालतात.

गटानं चालताना

सगळ्यात हळू चालणारा माणूस पुढून दुसरा ठेवा. पहिला वाट दाखवणारा, दुसरा वेग ठरवणारा. शेवटी एक जबाबदार माणूस, त्याच्या मागं कुणीही राहायचं नाही. प्रत्येक फाट्यावर पुढच्यानं थांबायचं, मोजायचं, आणि सगळे जमल्यावरच वळायचं. वाट चुकलेल्या गटांची गोष्ट बहुतेक वेळा इथंच सुरू होते: पुढचे चार डावीकडे वळले, मागच्यांनी उजवीकडचा आवाज ऐकला आणि तिकडं गेले. रानात आवाजाची दिशा फसवते, इको पॉइंटच्या आसपास तर समोरच्या कड्यावरून परत आलेला आवाज पलीकडून हाक मारल्यासारखा वाटतो.

वाट चुकली असं वाटलं तर पुढं रेटू नका, आणि झाडीतून आडवं तोडून जाण्याचा मोह तर मुळीच नको. माहीत असलेल्या शेवटच्या फाट्यापर्यंत मागं या. तो सापडला नाही तर थांबा, तीन शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा तीन. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. निघण्याआधी घरी कुणाला तरी कागदाचा फोटो पाठवून ठेवा, ‘इतके वाजेपर्यंत फोन आला नाही तर’ या एका ओळीसह.

घोडा समोरून आला तर दरीच्या बाजूला सरकू नका. डोंगराच्या, आतल्या बाजूला उभं राहा आणि तो जाईपर्यंत हलू नका. छत्री फटकन उघडणं, मुलांचं ओरडत पळणं यानं घोडा बिथरतो. घोड्यावर बसायचं असेल तर भाडं आणि कुठवर जाणार हे आधी ठरवा.

रानातले रहिवासी

माकडांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखता येतो. हातात खाणं धरून चालू नका, सगळं चेन असलेल्या पाठपिशवीत. माकडानं काही हिसकावलं तर ओढाओढ करू नका, चावा किंवा ओरखडा झाला तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जा.

कड्यांच्या खाली आग्या मोहळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा आणि दगड मारणं यानं ती उठतात. उठली तर हात न झटकता, डोकं-तोंड कपड्यानं झाकून झाडीच्या आडोशानं लांब पळा, आणि पळताना दरी कुठल्या बाजूला आहे हे विसरू नका.

हिरव्या झाडीत हिरवाच चापडा साप फांदीवर निवांत बसलेला असू शकतो, पावसाळ्यात जास्त. आधारासाठी फांदी धरण्याआधी ती बघून घ्या. साप चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करायचं नाही. तो अवयव हलू न देता, माणसाला चालायला न लावता दवाखान्यात न्यायचं.

आणि वर बघायला विसरू नका. शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, या रानात आहे. सकाळी दहाच्या आत, गट गप्प असेल तर, आधी त्याचा कर्कश खडखडाट ऐकू येतो आणि मग उंच फांदीवर तांबूस, लांब शेपटी लोंबताना दिसते. फांद्यांच्या बेचक्यात पानं-काटक्यांचा मोठा गोळा दिसला तर ते त्याचं घरटं. त्याच्याखाली पाच मिनिटं उभं राहणं हा वेळ वेळापत्रकात धरा, तो वाया जात नाही.

कड्यावर

कठड्याच्या अलीकडे राहा, आणि कठडा नसेल तिथं कडेपासून निदान तुमच्या उंचीएवढं अंतर ठेवा. जांभ्याची कड वरून भक्कम दिसते, पण खालचा मऊ थर झिजून ती पुढं पोकळ झालेली असू शकते. वरून ते कळायला मार्ग नाही. फोटो काढताना मागं सरकायचं नाही, ज्याचा फोटो काढायचा त्याला पुढं बोलवायचं. मुलाचा हात धरून चालताना मोठ्यानं दरीच्या बाजूला आणि मुलानं आत चालायचं. दुपारी वारा वाढतो, टोपी उडाली तर उडू द्या.

सूर्यास्त बघायचा असेल तर फेरी दुपारी तीनला सुरू करून लुईझाला संपवता येते, प्रबळगडाच्या बाजूला सूर्य उतरताना दिसतो. पण मग परतीची वाट अंधारातली, प्रत्येकाकडे दिवा हवा, आणि मुक्काम माथेरानातच हवा. त्याच रात्री नेरळची लोकल पकडायचा विचार करू नका.

परतताना दस्तुरीला नेरळच्या टॅक्सीसाठी संध्याकाळी पाचनंतर गर्दी होते. चारच्या सुमारास पोचलात तर रांग लहान असते. तिथं बसून बूट काढा, झटका, कोरडे मोजे घाला. कपड्यांवरची लाल माती ओली चोळू नका, आधी वाळू द्या आणि ब्रशनं झाडा. ओली चोळली तर तो डाग निघता निघत नाही.